नवीन कासव सहा दिवस झाले काहीच खात नाहीये

लेस्टरवासी
नमस्कार मंडळी. ऑफिसमधली एक मैत्रीण कायमची आयर्लंडला गेली आणि तिचं पाच वर्षांचं हॉर्सफील्ड कासव आमच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणतेय खरी, पण हट्ट लेकीचा होता. नाव आधीचंच, बिस्किट.

आज सहावा दिवस. काकडी झाली, टोमॅटो झाला, आइसबर्ग लेट्यूस झालं, आईने फोनवर सांगितलं म्हणून कोथिंबीरही झाली. वास घेतं, मान फिरवतं आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं. नाहीतर काचेवर पुढचे पाय घासत राहतं, खरर् खरर्, तासन्‌तास. शी एकदाच केली, दुसऱ्या दिवशी.

जुन्या फिशटँकमध्ये ठेवलंय, खिडकीपाशी, म्हणजे ऊन मिळेल. वर टेबललॅम्प आहे. लेक शाळेतून आली की मांडीवर घेऊन बसते. सासूबाईंचं म्हणणं, देवळातलं कासव घरी आलं हे चांगलंच, पण उपाशी राहिलं तर पाप आपल्या माथी. आता मला झोप नाही. डॉक्टरकडे न्यावं का?

पुणेरी_पाहुणा
पाण्यातलं की जमिनीवरचं? मराठीत दोन्ही कासवच, म्हणून विचारतो. पाण्यातलं असेल तर पाण्यातच खायला द्यावं लागतं.

गवतकापे
जमिनीवरचंच हो, हॉर्सफील्ड म्हणाल्यात त्या. माझ्याकडे याच जातीचं अकरा वर्षं आहे.

ताई, भाज्यांचं राहू द्या, आधी तापमान सांगा. लॅम्पखाली त्याच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर अर्धा तास ठेवा आणि आकडा इथे लिहा. पंचविशीच्या आत निघेल, पैज लावतो. कासवाला अंगची ऊब नसते. बाहेरून तापलं तरच पोट चालू होतं, आणि पोट बंद असताना भूक कुठून लागणार? दिव्याखाली ३२ ते ३५ अंश हवेत, दुसऱ्या टोकाला २० च्या आसपास, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं ते ठरवेल. दिव्याखाली एक फरशीचा तुकडा ठेवा, पोटाला शेक मिळतो.

खिडकीच्या उन्हाचा भरवसा धरू नका. ज्या किरणांनी कवच घट्ट राहतं ते यूव्हीबी काच जवळजवळ सगळे अडवते. त्यासाठी वेगळी ट्यूब लागते, आणि ती वर्षाने बदलायची, पेटत असली तरी. मी पहिल्या वेळी कंजूषपणा करून तीन वर्षं चालवली. माझ्या कासवाच्या कवचाची कड अजून थोडी वर वळलेली आहे, ती रोज बघावी लागते.

फिशटँक काढा. काच म्हणजे भिंत हे त्याला कळत नाही, पलीकडे वाट दिसते म्हणून बिचारं खरडत बसतं. लाकडी उघडी पेटी करा किंवा जुन्या कपाटाचा खण घ्या. खाली माती आणि वाळू, चांगली वीतभर, कारण ही जात खणणारी. मूळ रानात, कझाकस्तान-उझबेकिस्तानकडे, वर्षातला बराच काळ बिळातच असते.

रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, पाणी हनुवटीपर्यंतच. पाणी पितं, बहुतेक वेळा तिथेच शीही करतं. आणि लेकीला आठवडाभर मांडी बंद! नुसतं बघू दे.

टोमॅटो, काकडी विसरा. बागेतला डँडेलायन द्या, आपल्या पाथरीचाच भाऊबंद आहे, तोडला की तसाच चीक येतो. औषध मारलेल्या लॉनमधला मात्र नको. पिवळं फूल आधी दाखवा.

बागेतली_आजी
नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे किंवा तोंड उघडं टाकून श्वास दिसला तर थांबू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे त्याच दिवशी. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला सगळंच येतं असं नाही. तोवर किचनच्या काट्यावर रोज वजन घ्या, आपला अंदाज खोटा ठरतो.

लेस्टरवासी
काका, २३ अंश! पैज जिंकलात. लॅम्पमध्ये एलईडी होता, उजेडच काय तो. बुडबुडे वगैरे काही नाहीत. वजन ४३० ग्रॅम.

पुणेरी_पाहुणा
वाचून मलाही घ्यावंसं वाटतंय. इथे ते चांदण्यांच्या नक्षीचं मिळतं का?

गवतकापे
ते स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पाळणं गुन्हा. कोणी 'वास्तूसाठी' म्हणून विकत असेल तर वनखात्याला कळवा.

लेस्टरवासी
दहावा दिवस. नवीन दिवा, ट्यूब आणि आयकियाच्या शेल्फची पेटी. अंघोळीत एकदम लांब मान काढून पाणी प्यायलं, मग पांढुरकी, खडूसारखी काहीतरी घाण सोडली. ठीक आहे ना? नंतर फरशीवर पाय पसरून झोपलं, मला वाटलं गेलं. दुपारी लेकीने फूल समोर टाकलं आणि लांब जाऊन बसली. दहा मिनिटं नुसतं बघणं. मग मान पुढे, गुलाबी जीभ, आणि कट्! पाकळ्या चोचीला चिकटलेल्या, पिवळी मिशी घेऊन देठ शोधत होतं.

गवतकापे
पांढरं ते युरेट, त्यांच्या लघवीतलंच. दाताखाली वाळूसारखं कचकचीत लागावं इतकं जाड नसेल तर काळजी नको. (चाखून बघायचं नाही, बोटांनी.) लेकीला सांगा, १९६८ साली सोव्हिएत झोंद ५ यानातून चंद्राला वळसा घालून आलेली दोन कासवं बिस्किटच्याच जातीची. वजन थोडं उतरलं होतं, भूक शाबूत होती.

लेस्टरवासी
सांगितलं. आता पेटीवर रॉकेटचं चित्र चिकटवलंय. आजचं वजन ४३४. पाप टळलं म्हणून सासूबाईंनी शिरा केला, तो मात्र बिस्किटला दाखवलासुद्धा नाही.