तपासणीचा निकाल हॉटेलच्या दारावर लावायची सक्ती हवी का?

कोथिंबीर:
आमच्या भागातल्या एका गजबजलेल्या हॉटेलला सुधारणा नोटीस आली होती, हे तिथे जेवणाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे अशा नोटिशीत दुरुस्तीला किमान 14 दिवस द्यावे लागतात. मुदतीबद्दल तक्रार नाही. पण तेवढे दिवस गल्ला चालू असतो आणि आपण पोराबाळांना घेऊन तिथेच जेवत असतो. बिलावर 14 अंकी परवाना क्रमांक छापणं 2022 पासून सक्तीचं आहे, पण त्यावरून भटारखान्यात उंदीर फिरतात का ते कुठे कळतं? शेवटच्या तपासणीचा निकाल तारखेसह दारावर लागलाच पाहिजे.

गल्ल्यावरून:
साफ असहमत. वडिलांपासूनचं हॉटेल आहे म्हणून बोलतो. भर दुपारी, पंगती उठत असताना कुणाच्याही मोरीत डोकावा, खरकट्या भांड्यांचा ढीगच दिसेल. तासाभराने या, सगळं धुऊन लख्ख. त्या एका क्षणाचा शेरा दारावर लागला आणि आम्ही चार दिवसांत दुरुस्ती केली, तरी पुन्हा बघायला माणूस येणार कधी? तोवर गिऱ्हाईक तुटलं ते तुटलं. शिवाय शेऱ्याची किंमत वाढली की पाकिटाचीही वाढते.

रसायन:
दोघंही डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीवरच बोलताय. भात रात्रभर पातेल्यात बाहेर राहिला आणि सकाळी लसूण-मिरची घालून परतला, तर प्लेट चकचकीत दिसेल. पण बॅसिलस सीरियस या जिवाणूने त्यात उलट्यांचं विष तयार केलं असेल, तर ते परतल्याने जात नाही. अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जितकं रेंगाळेल तितका धोका जास्त. तळणाच्या तेलाचंही तेच: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी घातक पोलर संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, असा नियम 2018 पासून आहे. थर्मामीटर लावला का, तेल मोजलं का, हे दारावर लिहिणार असाल तर माझा पाठिंबा. नुसते तारे नकोत.

कार्डिफकर:
वेल्समध्ये 2013 पासून 0 ते 5 गुणांचा स्टिकर दर्शनी भागात लावावाच लागतो. मालकाला अपील आहे, आणि दुरुस्तीनंतर फी भरून पुन्हा तपासणी मागता येते. शेजारच्या इंग्लंडमध्ये लावणं ऐच्छिक आहे. शून्य मिळालेला मालक तो लावेल कशाला?

गल्ल्यावरून:
आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं (FSSAI) हॉटेलांसाठी स्वच्छता मानांकन आहेच की.

कोथिंबीर:
दादा, तेही ऐच्छिकच. वर ऑडिटचे पैसे हॉटेलवालाच देतो. ज्याला नापास व्हायची भीती, तो परीक्षेला बसतच नाही. आणि पाकिटाचं म्हणाल, तर निकाल फायलीत दडलेला असतानाच तडजोड सोपी जाते. दारावर पाच गुण आणि आत झुरळं दिसली, तर लोक अधिकाऱ्यालाही जाब विचारतील.

गल्ल्यावरून:
मग फेरतपासणीची मुदत कायद्यात लिहा. अर्जापासून सात दिवस. कुणी आलं नाही तर शेरा आपोआप उतरला पाहिजे. या अटीवर उद्या लावतो.

रसायन:
सात दिवस ठीक. मात्र फ्रीजच्या तापमानाची रोजची नोंदवही दाखवायची तयारी हवी.

कोथिंबीर:
मुदत मान्य, आपोआप उतरणं नाही. अधिकारी आला नाही म्हणून भटारखाना स्वच्छ झाला असं होत नाही. शेऱ्याखाली 'फेरतपासणी बाकी' आणि अर्जाची तारीख लिहा, म्हणजे उशीर कुणाचा तेही दिसेल.