अनुभव धागा: आबासाहेब, 11 विजय आणि 192 मतं

गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आमच्या आबासाहेबांचा, हिशेब आमच्या तालुक्यात पोरासोरांना पाठ आहे. सांगोला मतदारसंघ, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), 1962 पासून 2014 पर्यंत 11 वेळा आमदार. दोनदा मंत्री: 1978 ला पुलोदच्या (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या. पक्ष एकच, मतदारसंघही एकच. 30 जुलै 2021 ला गेले. हे सगळं कुठंही वाचायला मिळतं, म्हणून त्यासाठी हा धागा नाही.

मला हवंय ते आकड्यांच्या मधलं. माझे आजोबा कट्टर शेकापवाले. दर निकालाचं पान त्यांच्या वहीत आहे. गावनिहाय मतं, कोण फुटलं, कोण आलं, सगळं. 1995 च्या पानावर मात्र मधोमध एवढंच: 192. खाली वर काही नाही. ती वही परवा माळ्यावरून काढली आणि वाटलं, विचारावं लोकांना. आबासाहेबांच्या कुठल्याही निवडणुकीची तुमची स्वतःची आठवण लिहा. विरोधात मत दिलं असेल तर अगदी जरूर लिहा. फक्त ऐकीव किस्से नकोत, ते गावोगाव पुष्कळ आहेत.

निवृत्त गुरुजी

1995 ची मतमोजणी मी केली आहे. तेव्हा यंत्रं नव्हती. टेबलावर मतपत्रिकांचा ढीग ओतायचा, उलगडायच्या, उमेदवारवार गठ्ठे लावायचे. फुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला असला की टेबलाभोवती माना पुढं यायच्या. कुणी म्हणणार वर आहे, कुणी म्हणणार खाली. आम्ही ती बाजूला ठेवायचो, निर्णय साहेबांचा. काही पत्रिकांवर शिक्क्याऐवजी अंगठा. एकीवर तर कुणीतरी पेनानं चक्क सही केलेली, बँकेत करतात तशी. ती बाद.

दुपारनंतर फरक कमी कमी होत गेला तसा हॉलमधला आवाजही कमी होत गेला. शेवटी तर पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मतपत्रिका उडू नयेत म्हणून तोही एकाच आकड्यावर. 192 मतांनी शहाजीबापू पाटील निवडून आले. त्या साली राज्यात काँग्रेस पडून शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि आमच्याकडं उलटंच, काँग्रेस निवडून आली! हे अजूनही कुणाला सांगितलं की हसतात.

तुमच्या आजोबांनी त्या पानावर काही लिहिलं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. मी मत कुणाला दिलं होतं ते विचारू नका. पण घरी गेल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि मी हात धुवायचा विसरून तसाच बसलो. बोटांना मतपत्रिकांच्या शाईचा वास येत होता.

माणकाठची

मला निवडणूक नाही, दुष्काळ आठवतो. पण आमच्याकडं दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

1972 ला आबासाहेब पडले. मी तेव्हा दहा वर्षांची. त्याच वर्षी पाऊस गेला. माण नदीच्या वाळूत झरे खणून आई वाटीनं पाणी भरायची, हंडा भरायला सकाळची दुपार व्हायची. मग दुष्काळी कामं निघाली. आई-वडील दोघं खडी फोडायला जात, आम्ही पोरं मागं मागं. दुपारी सुकडी मिळायची. गोडसर, कोरडी, घशात चिकटायची, पाणी मागावं तर पाणीच नाही. रेशनला मिलो, तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची म्हणून आई पिठाला आणि सरकारला एकाच दमात शिव्या द्यायची.

मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव असायचं, पण मोजमाप कमी लागायचं. मुकादम आणि बाया यांची रोज भांडणं. त्या कामांवर लाल बावट्याची माणसं यायची, सभा घ्यायची, मजुरीचा दर सांगायची. आमदारकी नसलेल्या माणसाचा पक्ष कामावर येतो हे वडिलांना फार लागलं असावं, कारण ते तोवर काँग्रेसला मत द्यायचे. 1974 च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब परत आले. त्या वेळी वडिलांनी मत कुणाला दिलं हे त्यांनी सांगितलं नाही, पण आईनं सांगितलं.

रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 ला विधिमंडळात झाला. 1999 च्या सरकारात तेच खातं आबासाहेबांकडं आलं तेव्हा माझी आई हयात होती. तिला खातं वगैरे कळायचं नाही. खडी फोडायचं खातं मिळालं म्हणाले, तर ती म्हणाली, "मोजमाप नीट लावा म्हनावं."

अलिबागकर

आमचा शेकाप आणि तुमचा शेकाप नावाला एक, बाकी वेगळा. आमच्याकडं पक्ष म्हणजे घर आणि घर म्हणजे पक्ष. लहानपणी वाटायचं शेकाप फक्त रायगडात असतो. सोलापूरकडं बदली झाली तेव्हा भिंतीवर तेच नाव दिसलं आणि परगावी शाळासोबती भेटल्यासारखं झालं. एवढंच.

गलाईवाला, मुक्काम केरळ

आमच्या आटपाडी, खानापूर, सांगोल्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत. मी गेली बावीस वर्षं कोट्टयम भागात आहे. एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. आपल्याकडं "देशातला विक्रम" असं छातीठोक सांगतात. इकडं पाला म्हणून गाव आहे, तिथून के. एम. मणी 13 वेळा निवडून आले. पुदुपल्लीतून ओमन चांडी 12 वेळा. तमिळनाडूत करुणानिधी 13 वेळा, पण ते मतदारसंघ बदलत गेले. आपल्या आबासाहेबांचे 11. महाराष्ट्रापुरतं म्हणा, मग वाद नाही.

आमच्या दुकानाचा मालक मणींच्या पक्षाचा. त्याच्याशी माझी पैज चालायची, तुमचा मोठा की आमचा. मी म्हणायचो, तुमचे मणी बहुतेक वेळ सत्तेत, अर्थखातं हातात. आमचा माणूस आयुष्याचा मोठा भाग विरोधी बाकावर बसून निवडून येतो, ते अवघड. यावर तो गप्प बसायचा. 2019 ला मणी गेले आणि पोटनिवडणुकीत पालाला कोण आलं? राष्ट्रवादीचा उमेदवार. मल्याळम अक्षरांत नाव आणि वर आपलं घड्याळ! मी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. कुणाला खरं वाटेना.

मतदानाला मात्र दर खेपेला येणं जमलं नाही. गलाईवाल्यांसाठी गाव गाड्या पाठवतं, पण केरळात कोण पाठवणार.

सूतगिरणीची मुलगी

वडील शेतकरी सहकारी सूतगिरणीत होते. कापसाचं बोंड न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी काढली म्हणून लोक हसले होते, असं ते सांगायचे. तीन पाळ्या. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरी लव बसलेली. मी लहान असताना मला वाटायचं बाबा म्हातारे झाले. मग ते तोंड धुवायचे आणि परत तरुण.

घरातल्या दोन मुलींची शिक्षणं त्या पगारावर झाली. आबासाहेबांबद्दल मला त्यापलीकडं काही भव्य सांगता येणार नाही. 2021 मध्ये त्यांचं शेवटचं दर्शन गिरणीच्या आवारात होतं तेव्हा बाबा गेले होते. येऊन काहीच बोलले नाहीत, चप्पल काढून तिथंच पायरीवर बसले.

टेलचा शेतकरी

धागाकर्त्यानं विरोधातलं मागितलंय म्हणून लिहितो. मी 1999 पासून आबासाहेबांच्या विरोधात मत देत आलो. माणूस स्वच्छ, एसटीनं फिरणारा, सगळं कबूल. पण मला स्वच्छ आमदार पिऊन पीक येत नव्हतं. पन्नास वर्षं एकच माणूस निवडून द्यायचा आणि पन्नास वर्षं टँकरची वाट बघायची, याचा हिशेब कुणीतरी मागायला नको का? 2003 ला, 2013 ला, 2019 ला जनावरं चारा छावणीत बांधली. खिलार खोंड दावणीला हाडं मोजता येतील असा. छावणीत ऊस मिळायचा, नुसता ऊस. वैरण म्हणून नुसता ऊस खाऊन जनावराचे काय हाल होतात, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल.

दुसरी बाजूही सांगतो. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली, तिथं आबासाहेब वर्षानुवर्षं होते. मी स्वतः दोनदा गेलोय, भाषणापेक्षा जेवणाच्या पंगतीला जास्त गर्दी. शिरभावी योजनेतून 80हून अधिक गावांना प्यायचं पाणी आलं, तेही खरं. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी शेवटी माण नदीत सुटलं. पण आमचं गाव टेलला, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटतं, वरचे मोटारी टाकतात, आमच्यापर्यंत चिखल येतो. आता ती चूक आमदाराची, पाटबंधारेवाल्यांची की वरच्या गावातल्या माझ्या मेव्हण्याची, हे मला ठरवता आलेलं नाही. मेव्हण्याचं डाळिंब मात्र झकास आहे.

आणि जातीचं कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलतो. धनगर समाजाची मतं तालुक्यात मोठी, आबासाहेब त्या समाजाचे. पण नुसत्या तेवढ्यावर 11 वेळा कुणी येत नाही. आमच्या मराठ्यांच्या वाडीतून त्यांना लीड असायचं, माझ्या घरातलं एक मत वजा करून.

माणकाठची

@टेलचा शेतकरी, तुमच्या घरातलं एकच मत वजा? घरच्यांना विचारा एकदा.

टेलचा शेतकरी

विचारलं. उत्तर आलं नाही, चहा आला.

रिटायर कंडक्टर

एसटीत खिडकीवर लिहिलेलं असतं, आमदार-खासदारांसाठी राखीव. 31 वर्षं नोकरी केली, त्या जागेवर बोचकी, कोंबड्या, नवरदेव, सगळे बसवले. आबासाहेब एसटीनं जातात हे सगळ्या डेपोला ठाऊक. माझ्या ड्युटीला मात्र ते एकदाही आले नाहीत, खोटं कशाला सांगू. तरी सांगोला स्टँडवर ती सीट मी गाडी हलेपर्यंत रिकामी ठेवायचो. ड्रायव्हर चिडवायचा. गाडी सुटली की मग पहिल्या म्हातारीला बसवायचं.

पेठेतला स्पर्धा परीक्षावाला

2019. आबासाहेब वयामुळं थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर शहाजीबापू शिवसेनेकडून. मतदान सोमवारी, 21 ऑक्टोबरला. पुण्यात पाऊस. आमच्या खोलीत सांगोल्याचे चौघं. रविवारी रात्री ठरलं, पहाटेची गाडी धरायची. पहाटे एक उठला, खिडकीतून पाऊस बघितला आणि परत पांघरूण घेतलं. बाकीचे तिघं झोपेचं सोंग घेऊन पडलेलो. हे आम्ही नंतर एकमेकांना कबूल केलं.

निकाल: शहाजीबापू 768 मतांनी विजयी.

चार मतांनी काही झालं नसतं, मला माहीत आहे. पण मग आमच्या मजल्यावरचे आणखी सहा निघाले. समोरच्या अभ्यासिकेतले अकरा. चाकणच्या कंपन्यांतली पोरं तर मोजलीच नाहीत. आठवडाभर आम्ही परीक्षेच्या वहीत मागच्या पानावर न गेलेल्यांची यादी करत होतो. 57 पर्यंत गेलो आणि थांबलो.

आणखी एक गंमत, ती आम्ही तेव्हाच काढली. बापूंचे तोवरचे दोन विजय: 192 आणि 768. बेरीज 960. एका मोठ्या गावाची अर्धी मतंसुद्धा नाहीत, आणि तालुक्याचा इतिहास दोनदा वळला. उलट आबासाहेबांनी 2014 ला, नव्वदीच्या उंबरठ्यावर, याच बापूंना 25 हजारांवर मतांनी पाडलं होतं. पण मधल्या काळात बापू हरत गेले तरी उभे राहत गेले, हेही लिहून ठेवा. चिवटपणात ते कमी नाहीत.

आयटीतला सांगोलकर

जून 2022 पर्यंत हिंजवडीत मला विचारायचे, सांगोला म्हणजे सांगली का? मग शहाजीबापूंचा गुवाहाटीहून केलेला फोन गाजला आणि त्यानंतर एकानंही विचारलं नाही. लिफ्टमध्ये शिरलो की मागून, "काय झाडी, काय डोंगार." मी विक्रमी आमदाराच्या तालुक्यातला, हे सांगायला घ्यायचो तोवर माझा मजला यायचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः गुरुजींचे. आजोबांच्या वहीचं शेवटचं पान 2014 चं आहे, पुढचं मी लिहायला घेतलंय. 2024 चं लिहायला आजीची गोष्ट लागेल, म्हणून तीच टाकतो.

आजी 86 वर्षांची. 1962 पासून प्रत्येक मतदान केलेलं. 2024 ला 85 वरच्यांसाठी घरून मतदानाची सोय होती. कर्मचारी आले, सोबत पोलीस, व्हिडिओवाला. ओसरीत पुठ्ठ्याचा आडोसा केला. आजीनं आधी सगळ्यांना पाणी दिलं, मग चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली. तिरंगी लढत होती: शहाजीबापू, दीपकआबा साळुंखे-पाटील आणि आबासाहेबांचे नातू बाबासाहेब देशमुख. आजीनं मतपत्रिका जवळ धरली, लांब धरली आणि मोठ्यांदा विचारलं, "आबासाहेबांचं नाव कुठाय?" व्हिडिओवाला हसला, साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांनी तिला सांगितलं, आजी, आम्हाला बोलता येत नाही, तुम्ही बघून खूण करा.

बराच वेळ आडोशामागून आवाज नाही. मग पाकिटाला डिंक लावल्याचा वास आला.

23 नोव्हेंबरला बाबासाहेब सुमारे 25 हजारांनी निवडून आले, राज्यात शेकापची ती एकच जागा. मी वहीत लिहायला बसलो आणि आजीला विचारलं, तू कुणाला दिलंस?

"पाकिटात घातलं," म्हणाली, आणि शेंगा सोलत बसली.