लाइट जाऊन आली की रास्पबेरी पाय चालू असतो पण घरातलं नेट बंद (पाय-होल + अनबाउंड)

मंडळी, रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) वर पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारी सेवा), अनबाउंड (ते पत्ते शोधून पाय-होलला देणारा) आणि इमिच (घरचा फोटो-संग्रह) चालवतोय, डेटा यूएसबी एसएसडीवर. पुण्यात आमच्या भागात गुरुवारी बऱ्याचदा चार-पाच तास लाइट नसते. परत आली की पाय नीट बूट होतो, आयपीने एसएसएच (दुरून लॉगिन) होतं, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंगही जातं, पण एकही साइट उघडत नाही, सगळीकडे सर्व्हफेल (डीएनएसकडून पत्ता मिळाला नाही अशी एरर). दहा मिनिटं लाइट गेली तर काहीच होत नाही हे अजून डोकं खातंय. मी ऑफिसात आणि घरी आई-बाबा, त्यांची औषधाची ऑर्डर, बँक सगळं अडकतं, फार वाईट वाटतं. राउटरमध्ये दुसरा डीएनएस ८.८.८.८ टाकून ठेवू का?

↳ खिडकीतला_सर्व्हर
लाइट आल्यावर लगेच डेट कमांड मारून बघ, घड्याळ मागे असणार. पाय ४ ला आरटीसी (लाइट नसतानाही बॅटरीवर चालणारं घड्याळ) नाही, त्यामुळे बंद होताना जी वेळ सेव्ह होती तिथूनच तो पुढे मोजतो. अनबाउंड डीएनएसएसईसीच्या (डीएनएसचं उत्तर खरं आहे हे दाखवणाऱ्या) सह्या तपासतो, मधल्या तासांत नवी सही झाली असेल तर ती त्याला भविष्यातली वाटते आणि तो नाकारतो. सहीच्या मुदतीनुसार थोडी सूट, किमान एक तासाची, डिफॉल्ट असते म्हणून छोट्या खंडात चालून जातं. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरचं नाव शोधावं लागतं आणि ते नाव शोधणारा हाच अनबाउंड, मग दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. टाइमसिंकडीच्या (पायची वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये नावाऐवजी थेट आयपी दे, गूगलचा २१६.२३९.३५.० चालतो. कायमचा उपाय हवा तर डीएस३२३१ आरटीसी मोड्यूल लाव, पाय ५ मध्ये आरटीसी आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते.
दुसरा डीएनएस नको, पहिला पडला की मगच दुसरा असं फोन-लॅपटॉप पाळत नाहीत, अध्येमध्ये जाहिराती दिसत राहतील.

↳ रत्नागिरीकर
वरचं बरोबर आहे, पण एसएसडीकडेही बघ भाऊ. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, आणि मोबाइलचा चार्जर लावला असशील तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली जाऊन वॉर्निंग येते, मग डिस्क मध्येच गायब. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा ओरिजिनल सप्लाय घे. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते त्याला हिशोब नाही, म्हणून पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, तेव्हापासून डेटाबेस खराब झाला नाही.

↳ प्रश्नकर्ता
डेट चार तास मागेच दाखवत होती!! आयपी टाकला, मुद्दाम मेन स्विच दुपारभर बंद ठेवून पाहिलं, आपोआप उठलं सगळं. खूप खूप आभार. इमिचच्या बॅकअपचं काय करता तुम्ही, फोल्डर कॉपी केलं की झालं का?

↳ खिडकीतला_सर्व्हर
फोटोंचं फोल्डर कॉपी कर, पण चालू पोस्टग्रेसचं (इमिचच्या डेटाबेसचं) नको, ती कॉपी उघडेलच याची खात्री नसते. इमिच रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) स्वतः काढतं, फक्त तो त्याच डिस्कवर पडतो, म्हणून फोटो आणि बॅकअप्स फोल्डर दोन्ही दुसऱ्या डिस्कवर आरसिंकने (फाइल कॉपी करणाऱ्या टूलने) घे आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेव.