मदत हवी आहे : जुना लॅपटॉप चालूच होत नाही

नमस्कार मंडळी, माझा १० वर्षांपूर्वीचा लॅपटॉप परवापासून पूर्ण बंद आहे. चार्जर मल्टिमीटरवर १९ व्होल्ट दाखवतो, पण पिन लावली की लॅपटॉपवरचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. बॅटरी आणि चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं, रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवली, मदरबोर्डवरचा (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) छोटा बटणसेलही बदलला. फरक शून्य. दुकानदार न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाला, ते मनाला पटत नाही.

दिवा असा विझतो म्हणजे बोर्डावर कुठेतरी शॉर्ट सर्किट असेल का? चार्जिंगच्या जॅकपासून पुढे मीटरनं नेमकं काय तपासू? आणि हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडायच्या डबीत) घातली तर फोटो निघतील ना? त्यात आईचे शेवटचे फोटो आहेत हो, जीव त्यांच्यातच अडकलाय.