जर्मन बी-वन परीक्षा संगणकावर द्यायची आहे, कीबोर्डचा सराव कसा करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. जर्मनीत मशीनिंगच्याच ट्रेडमध्ये औसबिल्डुंग करायचं ठरवलंय. साडेतीन वर्षांचं असतं, कारखान्यात काम आणि सोबत शाळा. त्यासाठी बी-वनचं, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीचं प्रमाणपत्र मागितलंय, म्हणून गोएथे या जर्मन भाषासंस्थेची परीक्षा देतोय. पुण्यातल्या केंद्रावर जागा मिळाली, पण ती डिजिटल परीक्षेची आहे. लेझन (वाचन), ह्योरन (ऐकणं) आणि श्रायबन (लेखन) संगणकावर. श्प्रेखन (बोलणं) तेवढं परीक्षकांसमोर, जोडीदाराबरोबर.

जर्मनची तयारी बरी आहे. क्लासमध्ये सर मनापासून शिकवतात, नमुना संच सोडवून घेतात. अडचण फक्त श्रायबनची आहे. आतापर्यंतचं सगळं लिखाण वहीत पेनानं झालंय. पहिल्या प्रश्नात मित्राला साधारण ८० शब्दांचा ईमेल, दुसऱ्यात एखाद्या विषयावर ८० शब्दांत आपलं मत, तिसऱ्यात ४० शब्दांचा औपचारिक ईमेल. तिन्हींना मिळून ६० मिनिटं. कागदावर हे माझं वेळेत होतं, मांडणीही सरांना आवडते. पण मामाच्या जुन्या लॅपटॉपवर तेच उत्तर टाइप करायला बसलो की वाक्य डोक्यात तयार असतं आणि मी उमलाउट, म्हणजे वर दोन ठिपके असलेली अक्षरं, शोधत बसतो. तोवर पुढचं वाक्य निसटतं.

मोबाइलवर जर्मन लिहिण्याची सवय आहे, पण तिथं अक्षर दाबून धरलं की उमलाउट येतो, नामांचं पहिलं अक्षर बऱ्याचदा आपोआप मोठं होतं, चुकलेला शब्दही फोनच सुधारतो. परीक्षेत यातलं काही मिळेल असं धरून चालता येत नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, त्यामुळं शिफ्टचं बटण इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागतं हे लॅपटॉपवर बसल्यावरच कळलं. कंपनीत दिवसभर मशीनच्या पॅनेलवर बोटं असतात, पण तिथं एकेक बटण बघून दाबायचं काम. सलग मजकूर टाइप करायची वेळ कधी आलीच नाही.

आणखी एक शंका आहे. लेझनमध्ये जाहिराती जुळवायचा जो तिसरा भाग असतो, तिथं मी कागदावर पेन्सिलनं खुणा करतो, नको त्या जाहिरातींवर काट मारतो. स्क्रीनवर तुम्ही हे कसं केलंत?

ज्यांनी संगणकावर परीक्षा दिली आहे त्यांनी कृपया सांगा. कीबोर्ड कसला असतो? सराव नेमका कशाचा करावा? कोल्हापुरात जर्मन कीबोर्डवर बसायला मिळेल अशी जागा आहे का? की ही तारीख सोडून कागदावरची परीक्षा मिळेपर्यंत थांबावं? घरच्यांनी माझ्या शिक्षणासाठी आधीच बराच खर्च केलाय, म्हणून नीट विचारून पाऊल टाकायचं आहे. मशीनवरचं काम मला येतं, भाषाही येत चालली आहे. फक्त टायपिंगपायी अडकायला नको, एवढंच वाटतं.

प्रतिसाद १

मी बी-वन संगणकावरच दिली आहे, पुण्यात नाही, दुसऱ्या शहरात. तारीख सोडू नका. कारण सांगतो.

तिन्ही उत्तरं मिळून २०० शब्द होतात. मिनिटाला फक्त १० शब्द टाइप केलेत तरी २० मिनिटांत संपतं. उरलेली ४० मिनिटं विचार करायला आणि तपासायला. म्हणजे वेग ही तुमची अडचण नाहीच. बटण शोधताना विचाराची साखळी तुटते, ती अडचण आहे, आणि ती थोड्या दिवसांत जाते. उलट संगणकावर एक मोठी सोय आहे. वाक्य मागेपुढे करता येतं, मधे एखादा मुद्दा घालता येतो. कागदावर खाडाखोड झाली की अक्षर बिघडतं आणि आपणही बावरतो.

मी आधी प्रत्येक मुद्द्याचं एकेक ओबडधोबड वाक्य टाइप करून ठेवत असे. ईमेलच्या प्रश्नात दिलेले सगळे मुद्दे आले पाहिजेत, एखादा सुटला तर गुण जातात. मग एकेक वाक्य वाढवायचं, शेवटी फक्त क्रियापदांच्या जागा आणि मोठी अक्षरं बघायची. पहिल्या दोन प्रश्नांना ४०-४० गुण आहेत आणि तिसऱ्याला २०, तेव्हा वेळही त्याच हिशेबानं वाटा. तिसरा छोटा म्हणून आधी उरकायला गेलात तर विनंतीची भाषा सजवण्यातच वेळ जातो.

लेझनला ६५ मिनिटं आणि ३० प्रश्न. जाहिरातींच्या भागात मी आधी माणसांच्या गरजा वाचायचो, मग जाहिराती. ज्याची खात्री आहे ते लगेच जुळवायचं, बाकी नंतर. एका माणसाला कुठलीच जाहिरात लागू पडत नाही, हे विसरू नका. कच्च्या कामाला कागद मिळेल का हे केंद्राला विचारून ठेवा, पण सराव मात्र कागद मिळणार नाही असं धरूनच करा.

ह्योरनमध्ये पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. एकदाच ऐकवतात तिथं प्रश्न आधी वाचून झालेले असले पाहिजेत. कागदावर शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवावी लागतात, ते काम संगणकावर राहत नाही. पण त्यामुळं तिथल्या तिथं क्लिक करायची सवय लागते. शंका असली तरी काहीतरी निवडा आणि पुढच्या प्रश्नाकडे या. मागच्यात अडकलात तर पुढचा ऐकायचा राहतो.

प्रतिसाद २

मी कोल्हापुरात संगणक टायपिंग शिकवते, त्यामुळं जर्मन येत नसलं तरी कीबोर्डबद्दल सांगू शकते. आमच्याकडं एक मुलगी याच परीक्षेच्या सरावाला येत होती, तिच्यासाठी सगळं बसवून दिलं होतं.

जर्मन कीबोर्ड विकत घ्यायची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेच्या ठिकाणी जर्मन जोडा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस बार एकत्र दाबलं की मांडणी बदलते. बटणांवर छापलेलं इंग्रजीच राहतं, पण दाबल्यावर जर्मन अक्षर उमटतं. पी-च्या उजवीकडं यू-उमलाउट. एल-च्या उजवीकडं ओ-उमलाउट आणि त्याच्या शेजारी ए-उमलाउट. शून्याच्या उजवीकडं एस्त्सेट, म्हणजे ß हे जर्मन अक्षर. वाय आणि झेड यांची अदलाबदल झालेली असते, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण जर्मनमध्ये झेड सारखा लागतो. प्रश्नचिन्ह शिफ्ट आणि एस्त्सेटवर मिळतं. ईमेलमध्ये प्रश्न विचारावे लागतातच, म्हणून तेही हाताखाली बसवा. छोट्या कागदी चकत्यांवर अक्षरं लिहून त्या बटणांवर चिकटवा, चार-सहा दिवसांनी काढून टाका.

सराव नोटपॅडवर करा. तिथं सुधारणा सुचवणारं सगळं बंद ठेवा. सुरुवातीला नवीन उत्तरं रचू नका. वहीत सरांनी तपासून दिलेली स्वतःचीच उत्तरं बघून टाइप करा. मजकूर ओळखीचा असला की लक्ष बोटांवर राहतं. हात बसला की मग घड्याळ लावून नवा प्रश्न घ्या. शिफ्टसाठी विरुद्ध हाताची करंगळी वापरायची. डाव्या हातानं अक्षर असेल तर उजवी करंगळी. आमच्या जीसीसी-टीबीसीच्या, म्हणजे सरकारी टायपिंग परीक्षेच्या मुलांनाही हेच आधी जड जातं आणि मग आयुष्यभर उपयोगी पडतं.

मराठी-इंग्रजी टायपिंगच्या संस्था आपल्याकडं भरपूर आहेत. रोज तासभर संगणक वापरू द्याल का असं विचारून बघा, परीक्षार्थींच्या बॅचा संपल्यावर यंत्रं मोकळी असतात. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातही जर्मन शिकवतात, तिथं चौकशी केलीत तर सोबत सराव करणारं कुणी भेटेल.

प्रतिसाद ३

भावा, मी गडहिंग्लजची, इथं जर्मनीत नर्स म्हणून काम करते. कागद की संगणक यात जास्त गुंतू नकोस, पातळी तीच आणि प्रमाणपत्राची किंमतही तीच. बी-वनची लेझन ते श्प्रेखन ही चारही मॉड्यूल स्वतंत्र आहेत. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. समजा श्रायबन राहिलंच, तर बाकीची तीन परत द्यावी लागत नाहीत, तेवढं एकच पुन्हा देता येतं. हे घरच्यांनाही समजावून सांग, त्यांची निम्मी काळजी मिटेल.

केंद्राला ईमेल करून कीबोर्डची मांडणी आधी विचारून घे. जर्मन असेल तर टायपिंगच्या ताईंनी सांगितलंय तसं कर. इंग्रजी असेल तर उमलाउट कसा टाइप करायचा तेही त्यांनाच विचार. गोएथेच्या संकेतस्थळावर सरावाचं साहित्य मोफत आहे, ते मोबाइलवर सोडवू नकोस, लॅपटॉपवरच सोडव. स्क्रीनवर लांब मजकूर वाचायची डोळ्यांनाही सवय लागते.

आणि टायपिंगची मेहनत परीक्षेपुरती नाही. औसबिल्डुंगमध्ये बेरिष्ट्सहेफ्ट ठेवावं लागतं, म्हणजे काय काम केलं, काय शिकलो याची नियमित नोंद. ती बऱ्याच ठिकाणी आता संगणकावरच भरतात. माझ्या वॉर्डातली रुग्णांची नोंदसुद्धा याच कीबोर्डवर होते. आत्ता हात बसवलास तर इथं आल्यावर पहिल्या महिन्यात फार बरं वाटेल.

श्प्रेखनकडं दुर्लक्ष करू नकोस हं. संगणकाच्या काळजीत मुलं ते शेवटावर ढकलतात. आधी १५ मिनिटं तयारीला मिळतात, मग जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा, स्वतःचा विषय मांडायचा आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे. विषय मांडताना आपल्या देशातली परिस्थिती सांगायची असते, तिथं कोल्हापूरचंच उदाहरण दे. तू फाउंड्री आणि मशीनशॉपबद्दल बोललास तर शब्द आपोआप येतील.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. २०० शब्दांचा हिशेब वाचून खरंच धीर आला, मी वेगाच्याच मागं लागलो होतो. तारीख सोडत नाही. केंद्राला ईमेल केलाय, लॅपटॉपवर जर्मन मांडणी बसवली. राजारामपुरीतल्या एका टायपिंग संस्थेत विचारून आलो, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी बसू देतो म्हणाले. वहीतली तपासलेली उत्तरं घेऊन उद्यापासून जातोय. मॉड्यूल वेगळं देता येतं हे आईला सांगितलं.

गडहिंग्लजच्या ताई, एक विचारायचं राहिलं. परीक्षा सकाळी आहे. रात्रीच्या बसनं थेट पुण्यात उतरून केंद्रावर जाऊ की आदल्या दिवशीच जाऊ?

प्रतिसाद ३

आदल्या दिवशीच जा. कागल-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणामुळं गाडी कुठं किती अडकेल सांगता येत नाही, आणि रात्रभर बसमध्ये जागून सकाळी ह्योरनला बसू नकोस. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेव, डिकीत टाकायच्या बॅगेत नको. केंद्राचं उत्तर आलं की कीबोर्ड कुठला ते इथं लिही, पुढच्यांना उपयोग होईल.