शाहू स्मारकमध्ये जॅझ : त्रितालावर वाढलेल्या कानाने नेमके काय धरावे?

रंकाळाकाठ (प्रश्न):
येत्या शनिवारी कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात एका सॅक्सोफोनवादकाच्या चमूचा जॅझचा कार्यक्रम आहे. सॅक्सोफोन, पियानो, बास (खालच्या स्वरांचे तंतुवाद्य) आणि ड्रम असे चौघेच वादक आहेत. मी वडिलांना आग्रहाने नेणार आहे. त्यांचे सारे ऐकणे येथील देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या बैठकांत झाले आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांच्या कानात इतकी मुरली आहे की गाणारा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित उशिरा आला, तरी मांडीवरची त्यांची बोटे थबकतात. त्यांना काही ध्वनिमुद्रणे ऐकवली, तेव्हा ते म्हणाले, ‘सुरुवातीला चाल कळते, शेवटीही कळते, मधे दहा मिनिटे जो तो आपले वाजवत सुटतो, त्यात कोण कुठे आहे हे ओळखायचे कसे?’ सॅक्सोफोन त्यांनी आजवर वरातीच्या बँडमध्येच पाहिला, हा भाग वेगळा. ‘फक्त आनंद घ्या’ असा सल्ला कृपया देऊ नये. धरण्यासारखे काही असेल तर सांगावे.

मध्यलय:
वडिलांचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्या बोटांतच आहे. मधल्या भागात कोणीही मोकाट सुटलेला नसतो. सुरुवातीला वाजलेली चाल जेवढ्या लांबीची, तेवढेच आवर्तन प्रत्येक वादक पुन्हा पुन्हा भरत असतो. जॅझमधील पुष्कळ जुन्या चाली 32 बारांच्या असतात (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट) आणि एका बारात चार मात्रा धरल्या, तर 128 मात्रा होतात, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालाची बरोबर आठ आवर्तने. त्यांतील पहिल्या दोन आवर्तनांत चालीचा मुख्य भाग येतो, पुढच्या दोनांत तोच पुन्हा येतो, पाचव्या-सहाव्यात चाल अंतऱ्यासारखी दुसरीकडे वळते आणि शेवटच्या दोनांत मूळ भागावर परतते. ब्लूज हा छोट्या आवर्तनाचा रचनाप्रकार असेल तर हिशेब आणखी सोपा आहे : 12 बार, 48 मात्रा, त्रितालाची तीन आवर्तने. अर्थात तीन मात्रांच्या किंवा अगदी संथ चाली निघाल्या, तर हे गणित बाजूला ठेवावे लागेल. ड्रमवादकाच्या डाव्या पायाकडेही त्यांना लक्ष द्यायला सांगा. पायाने मिटणारी झांजेची जोडी बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. समेवर टाळी देणाऱ्याला पहिली काही मिनिटे हे उलटे वाटेल.

काळीदोन:
मात्रांचे गणित पटते, परंतु तेवढ्यावर थांबलो तर वडील रात्रभर बोटे मोजत बसतील आणि संगीत हातून निसटेल. आपल्या बैठकीत तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, हलत नाही. जॅझमध्ये पियानो आणि बास मिळून आधारच हलवत राहतात, त्यामुळे सॅक्सोफोनचा तोच स्वर दोन बारांपूर्वी विसाव्याचा असतो आणि आता खटकणारा होतो. रागाच्या शुद्धतेने ऐकणाऱ्याला ‘बेसूर’ वाटते ते पुष्कळदा येथेच. म्हणून आधी बास ऐकावा. एक उदाहरण घरी ऐकवण्याजोगे आहे : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतील पहिली रचना, ‘सो व्हॉट’. तिच्या 32 बारांपैकी पहिले 16 बार काफी थाटाच्या (गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध) स्वरांत असतात, पुढचे आठ बार तीच स्वरावली अर्ध्या स्वराने वर सरकते, म्हणजे कोमल रिषभाचा षड्ज होतो, आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ षड्जावर येतात. तेवढी एक सरक कानाला लागली, की बाकीचे हळूहळू उलगडते. या रचनेत टेनर सॅक्सोफोन वाजवणारे जॉन कोल्ट्रेन पुढे भारतीय संगीताकडे ओढले गेले आणि आपल्या मुलाचे नाव त्यांनी सतारवादक रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले.

वरातीच्या बँडबद्दल वडिलांना वाटणारा दुरावाही कमी करता येईल. सॅक्सोफोन पितळी असला तरी तो फुंकवाद्यांतील पत्तीच्या वाद्यांमध्ये मोडतो, आणि त्याची नळी सनईसारखीच एका टोकाकडे रुंदावत जाते. कद्री गोपालनाथ यांनी तर ऑल्टो सॅक्सोफोनवर संपूर्ण कर्नाटक संगीत उभे केले.

फेडर:
मी ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून व्यवहाराचे दोन शब्द. पहिल्या रांगेत, विशेषतः ड्रमच्या बाजूला, बसू नका; झांजांच्या मोठ्या आवाजाखाली बास झाकला जातो आणि वर ज्या आधाराची चर्चा झाली तोच ऐकू येत नाही. मधल्या रांगा उत्तम. आयोजकांशी ओळख असेल तर इको (आवाज घुमवणारा यांत्रिक परिणाम) बंद ठेवायला आवर्जून सांगा. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या सवयीने तो चढवला जातो आणि जलद तानांचा लगदा होतो. सॅक्सोफोनचा माइकही थेट कर्ण्यात खुपसू नये, कारण आवाज वाद्याच्या अंगावरील उघड्या छिद्रांतूनही येत असतो. माइक थोडा दूर ठेवला तर वाद्य पूर्ण ऐकू येते.

रंकाळाकाठ:
तिघांचेही मनापासून आभार. ‘सो व्हॉट’ काल रात्री वडिलांना ऐकवले. पहिल्या सरकेला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तिसऱ्या फेरीला मात्र ती येण्याआधीच हात उचलला. आता त्यांचा नवा प्रश्न असा की चांगला वादक आणि नुसता जलद वादक यांत फरक कसा करायचा, आणि दाद केव्हा द्यायची.

मध्यलय:
दाद प्रत्येकाचे एकल वादन संपताच टाळ्यांनी देतात, रचना चालू असली तरी. मधे एखादी जागा आवडली तर ‘वा’ म्हणायला कोणाचीच हरकत नसावी. चांगला वादक आधीच्या वादकाचा शेवटचा तुकडा उचलून तेथून आपले बोलणे सुरू करतो, श्वासाला जागा सोडतो आणि चाल वळते त्या पाचव्या आवर्तनाच्या तोंडावर न थांबता एकच वाक्य सलग पलीकडे नेतो. नुसता जलद वादक त्या वळणावर प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करतो. आपल्या घराण्यात तानेचा पेच समेच्या पलीकडे नेऊन सोडवणारे गवई वडिलांनी ऐकले असतील, त्यामुळे हे त्यांना माझ्याहून लवकर कळेल. रचनेच्या शेवटाकडे सॅक्सोफोन आणि ड्रम चार-चार बार आळीपाळीने वाजवू लागले, तर त्यांना लगेच खुणावा : चार बार म्हणजे सोळा मात्रा, त्रितालाचे एक पूर्ण आवर्तन, आणि समोर सरळ सवाल-जवाब चाललेला असेल.