मदत हवी आहे: फॉर्म अडतो, पण का अडला ते वाचकाला दिसत नाही (कस्टम एलिमेंट)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचं पान करते आहे. नाव, पत्ता, मोबाइल, पिनकोड, वर्गणी, एवढंच. मोबाइलचा रकाना तीन-चार पानांवर लागतो, म्हणून त्याचं कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतः बनवलेला टॅग, केलं. फ्रेमवर्क कुठलंही नाही, साधी जावास्क्रिप्ट.

शनिवारी हे पान पहिल्यांदा एका सभासदाने वापरलं. सत्तरीचे काका, स्वतःच्या फोनवर, काउंटरपाशी उभे राहून. सगळं भरलं आणि 'नोंदणी करा' दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा अंगठा जरा जोरात टेकवला आणि मग मला विचारलं, "ताई, माझंच काही चुकतंय का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे नंबर देवनागरी आकड्यांत पडला होता आणि माझा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. फॉर्म अडला हे ठीक, पण कारण सांगणारी एक ओळही पडद्यावर आली नाही. ते मला फार लागलं.

आतापर्यंत केलेलं असं: एलिमेंट फॉर्मशी जोडायला क्लासमध्ये फॉर्म-असोसिएटेड ट्रू आणि कन्स्ट्रक्टरमध्ये अटॅच-इंटर्नल्स, आणि प्रत्येक इनपुट इव्हेंटला सेट-फॉर्म-व्हॅल्यू (फॉर्मला किंमत देणारं) आणि सेट-व्हॅलिडिटी (बरोबर की चूक ते सांगणारं). सेट-व्हॅलिडिटीला पॅटर्न-मिसमॅचचा (नमुन्याशी न जुळल्याचा) फ्लॅग आणि मराठी संदेश, अशा दोनच गोष्टी देते. संदेश रिकामा ठेवला तर टाइप-एरर येते, तेवढं ठेच लागून कळलं आहे. घरी लॅपटॉपवर तेच केलं तर क्रोमच्या कन्सोलमध्ये दिसतं की हा चुकीचा कंट्रोल फोकस घेऊ शकत नाही. फॉर्मवर 'इनव्हॅलिड' इव्हेंट ऐकायचा प्रयत्न केला, तो कधी येतच नाही.

नावाचा रकाना साधा इनपुट आहे, त्याचा फुगा (चूक सांगणारी ब्राउझरची छोटी चौकट) येतो, पण माझ्या ब्राउझरमध्ये इंग्रजीत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असूनही.

आणखी एक. आमच्या एक सभासद दृष्टिहीन आहेत, एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. त्यांच्यासाठी मी एलिमेंटच्या खाली संदेशाचा स्पॅन ठेवला आणि आतल्या इनपुटला एरिया-डिस्क्राइब्ड-बाय (वर्णनाचा मजकूर कुठे आहे ते आयडीने सांगणारं ॲट्रिब्यूट) लावलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पान कितीही साधं दिसलं तरी चालेल, पण अडल्याचं कारण प्रत्येकाला मराठीत कळायलाच हवं. कुणी हे आधी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, कन्सोल खरं सांगतोय. फुगा दाखवताना ब्राउझर आधी त्या एलिमेंटवर फोकस नेतो. तुमचा खरा इनपुट शॅडोच्या, म्हणजे एलिमेंटच्या पोटातल्या पानापासून वेगळ्या भागाच्या, आत, आणि बाहेरचं एलिमेंट फोकस घेत नाही. मग तो सबमिट अडवतो आणि गप्प बसतो. अटॅच-शॅडो करताना डेलिगेट्स-फोकस ट्रू द्या, म्हणजे बाहेरच्या एलिमेंटवर आलेला फोकस आतल्या इनपुटला मिळतो. सेट-व्हॅलिडिटीला तिसरी गोष्ट म्हणून आतला इनपुट द्या, म्हणजे फुगा कुठे टेकवायचा ते कळतं. हा इनपुट त्याच एलिमेंटच्या पोटातला हवा, बाहेरचा दिलात तर नॉट-फाउंड एरर येईल.

इंग्रजी फुग्याचं कारण वेगळं आहे. ब्राउझरचे स्वतःचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, पानाच्या नाही. साध्या इनपुटला सेट-कस्टम-व्हॅलिडिटीने मराठी वाक्य द्या, आणि चूक सुधारली की रिकामी स्ट्रिंग देऊन ते पुसायला विसरू नका. नाहीतर बरोबर भरलेला फॉर्मही अडून राहतो.

पण काकांच्या नंबरसाठी संदेशाच्या आधी नियमच बदला, अशी माझी कळकळीची विनंती. ० ते ९ या देवनागरी आकड्यांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५, सलग आहेत. त्यातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा क्रमांक मिळतो. आधी हे बदल करा, मग तपासा, आणि सेट-फॉर्म-व्हॅल्यूला बदललेला नंबर द्या. मराठी पानावर मराठी आकडे लिहिणं ही चूक कशी म्हणायची?

प्रतिसाद

एनव्हीडीएबद्दल: एरिया-डिस्क्राइब्ड-बायमधला आयडी शॅडोची भिंत ओलांडत नाही. इनपुट आत आणि स्पॅन बाहेर असेल तर दोघांची गाठच पडत नाही. स्पॅन त्याच शॅडोत इनपुटशेजारी ठेवा आणि चूक असताना इनपुटवर एरिया-इनव्हॅलिड ट्रू करा.

'इनव्हॅलिड' इव्हेंट बबल होत नाही, म्हणून फॉर्मपर्यंत वर येत नाही. ॲड-इव्हेंट-लिसनरला कॅप्चर ट्रू (इव्हेंट वरून खाली जातानाच पकडणं) द्या, मग फॉर्मवर पकडता येईल. तिथे प्रिव्हेंट-डिफॉल्ट केलं की ब्राउझरचा फुगा येत नाही आणि तुमचा स्पॅन तेवढा दिसतो. माझं मत तरी हेच: फुगा थोड्या वेळाने नाहीसा होतो, रकान्याखालची ओळ जागेवर राहते, सावकाश वाचणाऱ्याला ती हवी असते. मात्र तेव्हा ब्राउझर फोकसही नेत नाही. पहिल्या चुकलेल्या रकान्यावर तो तुम्हीच न्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! आज काकांना पुन्हा बोलावलं होतं. मराठी आकड्यांसह नोंदणी झाली. मग मुद्दाम नऊच आकडे टाकायला सांगितले, तर खाली ओळ आली: 'मोबाइल नंबर १० आकडी हवा, इथे ९ आकडे आहेत.' त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि राहिलेला आकडा स्वतःच घातला. एनव्हीडीएवर सोमवारी तपासणार आहोत.

आता एकच अडचण: पान उघडताच रिकामा मोबाइल रकाना लाल दिसतो. सीएसएसमध्ये इनव्हॅलिड लावलं आहे. त्याऐवजी यूजर-इनव्हॅलिड (वाचकाने रकाना हाताळल्यावरच लागू होणारं) लावून पाहिलं, तर रकाना लालच होत नाही.

प्रतिसाद

यूजर-इनव्हॅलिड हे इनपुट, टेक्स्टएरिया आणि सिलेक्ट यांच्यासाठीच आहे, कस्टम एलिमेंटला लागू होत नाही. इंटर्नल्सच्या स्टेट्समध्ये स्वतःची एक स्थिती ठेवा. रकाना सोडला किंवा 'इनव्हॅलिड' आला की ती घाला आणि सीएसएसमध्ये स्टेट वापरून रंग द्या. २०२४ पासून हे क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत चालतं. जुन्या फोनसाठी तीच खूण ॲट्रिब्यूट म्हणून लावलीत तरी भागेल. फॉर्म-रिसेट-कॉलबॅकमध्ये ती काढून टाका, नाहीतर 'पुन्हा भरा' दाबल्यावर रिकामा रकाना लालच राहील.